दोरीवरचा रिकामा चिमटा

झाडू कोपऱ्यात उभा करून आत्या दोरीवरच्या साली उतरवायला गेली आणि हात वर नेता नेताच थांबली. एक चिमटा रिकामा होता.

आता रिकाम्या चिमट्याचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. कपडे वाळत घालायचे साधे प्लास्टिकचे चिमटे ते. पण आत्याने चिमटे पुन्हा एकदा मोजले. ती स्केटबोर्डच्या फळ्या बनवते, कार्बनच्या. काळ्याभोर धाग्यांचं कापड असतं, त्यात रेझिन नावाचा, तापला की घट्ट होणारा डिंक आधीच मुरवलेला, आणि त्याच्या एका अंगाला पातळ निळं प्लास्टिक चिकटलेलं. त्याला ती साल म्हणते. थर लावायचा, साल सोलायची, त्यावर पुढचा थर. एखादी साल चुकून आत राहिली, तर तिच्या वरचा आणि खालचा थर जन्मात एकमेकांना धरत नाहीत. बाहेरून फळी दिसते गुळगुळीत, देखणी, कुणी बोट ठेवणार नाही अशी. आणि मग एका उडीला पायाखाली उकलते. म्हणून जितके थर तितके चिमटे, आणि सोललेली प्रत्येक साल चिमट्यात. सगळे चिमटे भरल्याशिवाय फळी थर दाबून तापवणाऱ्या प्रेसमध्ये जायची नाही, हा तिचा नियम.

आणि ज्या फळीचा हा चिमटा रिकामा होता, ती फळी सकाळीच काखेत मारून भिंगरी स्पर्धेला निघून गेली होती.

भिंगरी म्हणजे आत्याची भाची, तिच्या दादाची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून एका जागी बसली असेल तर शपथ, म्हणून भिंगरी. आता वीस-एकविशीची बाई झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ती आत्याला आत्या म्हणते म्हणून मैदानावरची सगळी स्केटबोर्डवाली मंडळीही आत्याच म्हणतात. आत्याने स्वतः मात्र कधी त्या चाकाच्या फळीवर पाय ठेवला नव्हता. सपाट रस्त्यावरसुद्धा तुझा तोल जातो, असं दादा तिला चिडवायचा, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

तिची उमेदीची सगळी वर्षं गेली कृत्रिम पाय बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये. पाय जड झाला की माणूस तो घरी खुंटीला टांगतो आणि कुबड्या घेऊन फिरतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि हलका करायच्या नादात कमजोर केला, तर तो माणूस भर रस्त्यात तोंडावर आपटतो. या दोहोंच्या मधली वाट शोधण्यात तिचा जन्म गेला. चिमट्यांची दोरीही तिथलीच. तिच्या मिस्त्रींचा हात इतका कडक, की दोरी न बघता कुणी भट्टीकडे वळलं तर ते तोंडाने काही बोलायचे नाहीत, सरळ त्याच्या हातातलं काम काढून केराच्या डब्यात टाकायचे. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा आत्याने बाकी काही आणलं नाही, ती दोरी तेवढी आणली.

दादा सुतार. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आत्याने बस्तान बसवलं, आणि फळ्यांचा नाद लागला तो भिंगरीमुळे. दादा लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून तिला फळ्या करून द्यायचा, आणि ही बया त्या काड्यांसारख्या मोडून आणायची. चाकं ज्या धातूच्या दांड्यांवर बसतात त्यांना ही पोरं ट्रक म्हणतात. दादा विचारायचा, "काय गं, तुझ्या अंगावरून ट्रक गेला की तू ट्रकवरून गेलीस?" हसायचा आणि पुन्हा लाकूड चिरायला घ्यायचा. एकदा मात्र मोडक्या फळीचं टोक भिंगरीच्या पोटरीत घुसलं. त्यानंतर तो हसला नाही आणि आत्याने कापड मागवलं.

पहिली फळी इतकी ताठ झाली, की भिंगरी म्हणाली, "हिच्यावरून उतरलं की दातात कळ जाते गं." दुसरी इतकी लेचीपेची, की गादीवर उभं राहिल्यासारखं व्हायचं. कितीतरी फळ्या भंगारात गेल्यावर एकदाचं जमलं. मधे दादाने तासलेला हलक्या लाकडाचा गाभा, वर-खाली कार्बन, आणि कडेला काचेच्या धाग्यांचं कापड, कारण कार्बन काँक्रीटवर घासला की उसवत जातो आणि काच मार खाऊनही टिकते. कार्बनचे काही थर लांबीने लावायचे, काही तिरके. लांबीचे थर फळीला वाकू देत नाहीत, तिरके तिला पिळू देत नाहीत. हे गणित जुळल्यावर पहिल्यांदा भिंगरी उडी मारून उतरली, फळी हातात घेऊन नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, ही माझ्याआधी वर जाते." आत्याला त्या रात्री काय आनंद झाला होता म्हणून सांगू.

तर अशी ती फळी, आणि असा तो रिकामा चिमटा.

तिने केराचा डबा जमिनीवर पालथा केला. टेबलाखाली रांगली. चपलेचे तळवे पाहिले, कारण या निळ्या सालीला पायाला चिकटून फिरायची भारी हौस. झाडूच्या काड्यांत पाहिलं, प्रेसच्या मागे हात घातला, हाताला जुनी धूळ लागली, साल नाही. मग फोन लावला. भिंगरीने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. स्पर्धेत फोन पिशवीत असतो, हे माहीत असूनही ती वेड्यासारखी लावत राहिली.

दादा पुढच्या दुकानातून डोकावला. "काय शोधतेस? केवढा आवाज चाललाय."

"साल कमी आहे."

"पडली असेल कुठेतरी."

"नाही पडलेली. सगळीकडे पाहिलं."

दादाला दोरीचा नियम माहीत होता. त्याने दोरीकडे पाहिलं, मग टेबलावर फळी असायची त्या रिकाम्या जागेकडे. हातातला रंधा त्याने तसाच खाली ठेवला आणि टेम्पोची किल्ली घेतली.

रस्त्यात त्याने तोंड सोडलं. आत्या त्याच्या शेजारी बसली होती, फोन मांडीवर. पुढे गाड्यांची रांग हलायला तयार नाही. दादा हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

"मी पहिल्यापासून सांगत होतो. लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं, माणसाला सावध करतं. तुझं हे कापड एक शब्द बोलत नाही."

"दादा, पुढे बघ."

"बघतोय. ती माझी पोर आहे. तुझ्या प्रयोगांसाठी नाही दिलेली मी तुला."

हे तिला फार लागलं. उत्तर जिभेवर आलं होतं. ती आणि भिंगरी ही फळी रचत होत्या त्या दिवशी थर निम्मेअधिक झाले असताना हाच आत्याला बोलवायला आला होता, दाराची चौकट धरायला माणूस नाही म्हणून. ती चौकट धरून आली तोवर भिंगरीने उरलेले थर लावून फळी प्रेसमध्ये सरकवलीसुद्धा होती. "प्रेस गरम झाली होती गं, म्हणून घातली," म्हणाली. आणि आत्याने मान वर करून दोरीकडे बघितलं नाही. दुसरं कुणी असतं तर बघितलं असतं. भिंगरी होती म्हणून नाही बघितलं. म्हणून आता उत्तर गिळून ती पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघत बसली.

मैदानावर पोचले तेव्हा सरावाच्या फेऱ्या संपत आल्या होत्या. मधोमध काँक्रीटचा खोल खड्डा, वाटीसारखा गुळगुळीत, आणि कडेला माणसांची गर्दी. आत्या धापा टाकत कठड्याशी पोचली आणि खाली भिंगरी दिसली, धडधाकट, हेल्मेट घातलेली, भिंतीवरून वर येत असलेली. आत्याला रडूच फुटलं. दादाने कठड्यावरून हाक मारली, तशी लोकं वळून बघायला लागली. भिंगरी फळी उचलून वर आली, लाजेने लाल झालेली.

"बाबा, काय हे? सगळे बघतायत."

"फळी दे आधी," आत्या म्हणाली.

"आता? माझा नंबर येईल थोड्या वेळात. आज जिंकले तर संघात घेणार आहेत."

"साल आत राहिलीय बहुतेक. दे इकडे."

भिंगरीने फळी दिली. का कोण जाणे, लगेच दिली. आत्या खाली फरशीवर बसली, फळी उलटी मांडीवर घेतली आणि पर्समधून नाणं काढून ठोकायला लागली. थर सुटलेला असला की तिथे आवाज बसका येतो. बाकी सगळीकडे टण, टण, आणि त्या जागेवर नुसतं ठप. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेली, कडेने गेली, ट्रकच्या भोवतीने गेली. दादा वाकून कान देत होता. गर्दीत कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. टण, टण, टण. कुठेही ठप नाही.

"म्हणजे नीट आहे ना?" दादाने विचारलं.

"आवाज तर नीट आहे."

मग तिला कळेना. आवाज नीट आहे तर साल गेली कुठे? तिने फळीची दोन टोकं दोन हातांत धरली आणि ओलं फडकं पिळावं तशी फळी पिळली. प्रत्येक फळी ती अशी पिळून बघायची, मनगटांना तो जोर पाठ होता. फळी वळली. फार नाही, पण वळली. तिने पुन्हा पिळली. पुन्हा वळली.

आत्याने मान वर करून भाचीकडे पाहिलं. भिंगरी स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

"भिंगरे, शेवटचा तिरका थर कुठे आहे?"

भिंगरी हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिली.

"कुठला थर?" दादा म्हणाला. "तू साल म्हणत होतीस ना?"

"साल आत नाहीये. थरच नाहीये. सालीसकट गेलाय."

या पोरीने सगळा विचार केला होता. आत्या कधी बाहेर जाते, प्रेस कधी गरम होते, काय सांगायचं. फक्त दोरीचा विचार केला नव्हता.

खरं सांगायचं तर आत्याला पहिल्यांदा बरं वाटलं. आपल्या हातून चूक झाली नाही, असं छातीवरचं ओझं उतरल्यासारखं बरं. पुढच्याच क्षणी त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली, आणि मग आला राग.

"का काढलास?"

"तूच म्हणाली होतीस." भिंगरीचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला. "बाबांना सांगत होतीस, हा शेवटचा थर फळीसाठी नाही, माझ्या झोपेसाठी लावते. मी ऐकलं. मग तुझ्या झोपेचं वजन मी का वाहू? त्या शेवटच्या उडीत वर जायला मला इतकं, एवढंसंच कमी पडत होतं. आणि आता नाही पडत. आज सकाळपासून दोनदा मारली मी ती."

आत्या असं म्हणाली होती. दादाला हसवायला म्हणाली होती. आपल्या भीतीची आपणच थट्टा केली की ती जरा कमी होते, म्हणून माणूस बोलतो तसं. ते कुणी असं उचलून धरेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"नीट उतरलीस तर तो थर नसला तरी चालेल," ती म्हणाली. "वाकडी उतरलीस, सगळा भार एका चाकावर आला, तर?"

"मी वाकडी नाही उतरत."

"रोज?"

"आज नाही उतरणार."

ध्वनिक्षेपकावरून पुढचा नंबर पुकारला. भिंगरीचा नव्हता, पण तिच्या आधी आता दोनचारच मुली उरल्या होत्या. तिने हात पुढे केला. "आत्या, दे. माझी फळी आहे. मी काही लहान नाही."

तेही खरंच होतं. आणि त्या थराशिवाय फळी टिकेल की नाही, हे आत्याला तरी कुठे ठाऊक होतं? तिने ती तशी कधी बनवलीच नव्हती. कदाचित टिकली असती. कदाचित इतकी वर्षं ती उगाचच एक थर जास्त लावत आली होती. हे असं मान्य करणं तिच्या जिवावर आलं, पण मनात आलं ते आलं.

ती उठली. फळीचं एक चाक तिने फरशीच्या उंच कडेवर टेकवलं, बाकी फळी खाली तिरपी. मग दादाचा खांदा धरला आणि अधांतरी राहिलेल्या कोपऱ्यावर आपल्या सगळ्या वजनानिशी उडी मारली.

आत्याचं वजन काही कमी नाही. फळी वाकली, पिळली आणि जागेवर आली. काहीही झालं नाही.

"बघ," भिंगरी म्हणाली.

आत्याने पुन्हा उडी मारली. तिचा पाय घसरला, दादाने सावरलं. फळी शाबूत.

"धरतेय की," दादा हळूच म्हणाला. टेम्पोत एवढं तोंडसुख घेणारा दादा, पण लेकीचा चेहरा त्याला बघवेना. "पुरे आता. दे तिला."

आत्याने ऐकलं नाही. पुन्हा उडी. घाम तिच्या मानेवरून ओघळत होता. बघणाऱ्यांना हसावं की काय करावं समजत नव्हतं.

"तू मुद्दाम मोडतेयस," भिंगरी म्हणाली. "आत्या, तू मुद्दाम मोडतेयस ती."

मुद्दाम? असेलही. आत्याने दादाचा खांदा घट्ट धरला, डोळे मिटले आणि पुन्हा उडी मारली. या वेळी कोरड्या फांदीसारखा आवाज झाला. पुढच्या ट्रकच्या मागे फळी तिरकी फाटली आणि आतलं दादाने तासलेलं पांढरं लाकूड दिसायला लागलं.

मग भिंगरी म्हणाली, "झालं समाधान?"

"नाही," आत्या म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

भिंगरीचा नंबर पुकारला गेला. शेजारच्या एका मुलीने न सांगताच आपली फळी पुढे केली, लाकडी, जड, कडा झिजलेल्या. भिंगरीने ती घेतली आणि आत्याकडे ढुंकूनही न बघता खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहिली.

आत्या आणि दादा कठड्याला टेकून उभे राहिले. दोघांनाही बसवत नव्हतं. भिंगरीने पहिल्या दोन भिंती छान घेतल्या, जड फळीवरसुद्धा. दादा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मग ती शेवटच्या उडीसाठी वेग घेत आली, वर गेली, आणि वर असतानाच आत्याला दिसलं. फळी पायांखाली जराशी फिरली होती. परक्या फळीची सवय नाही म्हणून, नाहीतर रागाने, नाहीतर उगाचच. खाली येताना पुढचं एकच चाक आधी टेकलं आणि सगळा भार त्या एका कोपऱ्यावर आला.

दादाने आत्याचा दंड इतका घट्ट धरला की पुढे बरेच दिवस तिथे काळानिळा डाग होता.

लाकडी फळी कुरकुरली आणि टिकली. भिंगरी गुडघ्यांवर घसरत गेली, एकदा उलटली आणि खड्ड्याच्या तळाशी थांबली. उठून बसली. उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पडलेल्याला वाजवतात तशा. संघातली जागा गेली, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

स्वतःच्या फळीवर असती तर ती वाकडी उतरलीच नसती, असंही म्हणता येईल. पुढे कितीतरी जणांनी म्हटलंही. आत्याने कधी वाद घातला नाही.

भिंगरी वर आली. ज्या मुलीची फळी होती तिला ती परत केली, आभार मानले. मग हेल्मेट काढून आत्या आणि दादाच्या मधे फरशीवर येऊन बसली. तिघंही समोर बघत होते. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"एकाच चाकावर आले ना मी," ती म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली.

दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. पुढच्या मुलीची फेरी सुरू झाली, संपली.

"तो थर मी फेकला नाही," भिंगरी खालच्या आवाजात म्हणाली. "घरी आहे. फ्रीजमध्ये, बर्फाच्या ट्रेखाली."

"फ्रीजमध्ये?" दादा म्हणाला. "ते काळं तुझं होतं? मला वाटलं तुझ्या आईचं काहीतरी असेल, म्हणून हात नाही लावला. फ्रीजमध्ये कशाला पण?"

"बाहेर ठेवलं की खराब होतं ते, बाबा. गरमीने कडक होतं, मग कशालाच धरत नाही." ती थांबली. "मला ते वाया घालवायचं नव्हतं."

आत्याने पदराने चेहरा पुसला.

"तसाच ठेवलास, की पिशवीत घालून?"

"पिशवीत."

"तोंड नीट बांधलं होतंस? पाणी लागलं तर उपयोगाचा नाही."

"दोनदा बांधलंय."

"मग चालेल," आत्या म्हणाली.